मारुतीचे डोळे आणि माझे बोट

बीडमधल्या आमच्या गल्लीतले मारुतीचे देऊळ त्या मंगळवारी संध्याकाळी माणसांनी भरून गेले होते. बायका ओट्यांवर, पोरे समोरच्या पत्र्यांवर, आणि उशिरा आलेले लोक उभ्या केलेल्या मोटारसायकलींवर चढून माना उंचावत होते. गाभाऱ्यासमोरच्या गुळगुळीत फरशीवर पांढरी विभूती पसरली होती आणि तिच्यावरून काशाची एक पालथी वाटी आपणहून चालत होती. 'आपणहून' असे लिहितो, कारण त्या वेळी मी शपथेवर तसेच सांगितले असते. वाटीवर तीन माणसांनी एकेक बोट टेकले होते. त्यांतले एक बोट माझे होते.

झाले होते असे. मारुतीचे चांदीचे डोळे रविवारच्या आरतीला जागेवर नव्हते. गल्लीतल्या बायकांनी आपापली जुनी जोडवी देऊन ते घडवलेले, त्यामुळे प्रत्येक घराला आपलेच काही चोरीला गेल्यासारखे वाटले. देवळाच्या समितीचे अध्यक्ष सुंदरराव म्हणाले, पोलीस नकोत, आपण वाटी चालवू. आणि त्यांनी केजकडून त्रिंबक महाराजांना जीपने आणवले.

महाराजांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे होती. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पप्पूने विचारले तर म्हणाले, एक हितल्या टायमाचं, एक वरच्या. वरच्या घड्याळाचे सेल संपलेले दिसत होते, पण तेव्हा हसायची कुणाची छाती झाली नाही.

"ह्या वाटीनं आजवर एकशे आठ चोर धरलेत," महाराज म्हणाले. "एकशे नववा हितंच हुबा हाय. बोट ठिवणारा निर्मळ पायजे. मनात कुणाचंबी नाव आणू नका. आणलं तर वाटी कोपते."

वाचकांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. कुणाचेही नाव मनात आणायचे नाही असे स्वतःला बजावावे आणि काय होते ते बघावे.

निर्मळ म्हणून तिघे निवडले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आप्पाराव, पप्पू, आणि मी. मी शाळेच्या वाचनालयात बत्तीस वर्षे पुस्तके लावली. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून निवृत्तीनंतर देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने गल्लीच्या बातम्या लिहितो. नळ कधी येणार, कुणाचा दहावा, कुणाची मुलगी पहिल्या वर्गात पास. लोक म्हणतात, फळ्यावर आलंय म्हणजे खरंच आसंल. "सर, तुमी बसाच," सुंदरराव म्हणाले, "तुमी कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." मला ते तेव्हा कौतुक वाटले.

वाटी थोडी थरथरली, डावीकडे गेली, मग वळली आणि घंटेच्या खांबाकडे सरळ निघाली. खांबाला टेकून छबुबाई उभी होती. वाटी तिच्या पायांपाशी थांबली.

छबुबाई देवळाची झाडलोट करते. एका डोळ्यात मोतीबिंदू, मागेपुढे कुणी नाही. बारा वर्षे ती देवळामागच्या खोलीत राहते, आणि त्या खोलीखेरीज तिला दुसरे घर नाही. ती एवढेच म्हणाली, "मी न्हाई घेतले." कुणीतरी मागून म्हणाले, चोर कधी व्हय म्हनतो का. सुंदररावांनी तिला दोन दिवस दिले. डोळे आणून ठेवायचे, नाहीतर खोली रिकामी करायची.

गर्दी पांगल्यावर मी फळा पुसला आणि लिहिले: 'काशाच्या वाटीने चोर दाखवला. छबुबाईंना दोन दिवसांची मुदत.' लिहायला लाल खडू घेतला. भोवती चौकटही काढली. अक्षर चांगले आले होते, हेही मला आठवते.

माणसाचे बोट त्याच्या नकळत ढकलते, असे मी कधीतरी एका मासिकात वाचले होते. ते मासिक माझ्या घरात, खिडकीजवळच्या कपाटात होते. मी ते काढले नाही. वाटले, आपण चुकीचे समजलो असलो तर? शिवाय बोट माझे होते. मी ढकलले नाही, हे माझ्याहून जास्त त्या मासिकाला कसे ठाऊक असणार?

बुधवारी सकाळी प्रियदर्शनी दारात आली. ती आमच्याच गल्लीची सून, शाळेत विज्ञान शिकवते. आदल्या संध्याकाळी माहेरी आष्टीला होती.

"सर, फळ्यावरचं तुम्ही लिहिलंय?"

मी हो म्हणालो.

"तुमचंही बोट होतं म्हणे. ढकललंत?"

"नाही."

"नक्की?"

मी पुन्हा नाही म्हणालो, पण आवाज खाली गेला. तिने वाद घातला नाही. महाराज सुंदररावांकडेच मुक्कामाला होते आणि संध्याकाळी हरवलेल्या म्हशीपासून न जमणाऱ्या लग्नापर्यंत सगळ्यांसाठी वाटी पुन्हा चालणार होती. ती म्हणाली, आज तुम्ही परत बोट ठेवा, एवढंच करा.

संध्याकाळी कालच्याहून जास्त गर्दी होती. प्रियदर्शनीने पुढे येऊन सांगितले की चोर पुन्हा एकदा शोधू, फक्त बोट ठेवणाऱ्यांचे डोळे बांधून. महाराजांचा चेहरा बदलला.

"बाई, देवाची परीक्षा घेती व्हय?"

"देवाची नाही महाराज. वाटीची," प्रियदर्शनी म्हणाली.

"वाटीला काय डोळे असतात?" मग ती गर्दीकडे वळून म्हणाली. "नसतात ना? मग आमच्या सरांचे बांधले तर तिचं काय अडतंय?"

बायकांत खसखस पिकली. सुंदररावांना माघार घेणे कमीपणाचे वाटले असावे. ते म्हणाले, बांधा, बघू द्या हिला बी.

आमच्या तिघांच्या डोळ्यांवर उपरणी बांधली. थोडी कुजबुज, पावलांचे आवाज, मग शांतता. वाटी निघाली. अंधारातही ती मला आपणहूनच चालल्यासारखी वाटत होती. डावीकडे, मग वळण, मग सरळ. कालचीच वाट. माझ्या मनात आले, म्हणजे वाटी खरीच आहे. मला बरे वाटले, हे लिहायला नको वाटते, पण बरे वाटले.

वाटी थांबली आणि गर्दीत एकदम हशा फुटला. मी उपरणे काढले. घंटेच्या खांबापाशी सुंदरराव उभे होते आणि वाटी त्यांच्या अंगठ्याला टेकली होती. प्रियदर्शनीने आमचे डोळे बांधल्यावर सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या. छबुबाई पार पलीकडे, दानपेटीजवळ होती.

"अध्यक्षसाहेब, आता तुमाला दोन दिस," कुणीतरी बोलले.

महाराज म्हणाले, आज मंत्राने दिशा बांधायची राहिली. पप्पू मात्र फरशीकडे बघत होता. त्याने बोटाने विभूती उचलली, हुंगली आणि चोळली. "आयला, ही तर कॅरमची पावडर हाय. म्हनून घसरती बे ही."

लोक महाराजांवर तुटून पडायच्या बेतात होते. प्रियदर्शनीने त्यांना थांबवले आणि सांगितले की पावडरने वाटी सहज सरकते, पण दिशा पावडर देत नाही. दिशा बोटे देतात. माणसाच्या मनात जे असते तिकडे हात जरासा कलतो, त्याला स्वतःला कळतही नाही. तिघांपैकी एकाच्या मनात नाव पक्के असले तरी पुरते.

ती कुणाकडे बघून बोलली नाही. तरी मी हातातले उपरणे घडी घालून खाली ठेवले. मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या माणसांसमोर.

"माझ्या मनात होते. रविवारी सकाळी फळा पुसायला आलो तेव्हा छबुबाई स्टुलावर चढून मारुतीचे तोंड पुसताना दिसली. एकटीच होती. मी कुणाला सांगितले नाही. वाटी मीच नेली."

सुंदरराव एकदम सरसावले. "म्हंजे हिनंच काढले की!"

"थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. "छबुमावशी, कशाला पुसत होता तोंड?"

छबुबाई म्हणाली, "शेंदूर वघळत व्हता. शनिवारी जाड लावलाय, वर पत्रा तापलेला. देवाच्या पायावर गोळा पडलेला."

"मग तो गोळा टाकला कुठं?"

"टाकू कशी? देवाचा शेंदूर केरात टाकतेत का कुनी? गोळा केला आन परत पोटाला लावला."

पुजारी गाभाऱ्यात गेला. मारुतीच्या पोटावर शेंदराचा जाड थर होता, तो त्याने उलथन्याने सोलला. त्यात दोन्ही डोळे होते. मेणाने चिकटवलेले, मे महिन्याच्या उन्हात मेण सुटले आणि तेलकट शेंदराबरोबर घसरले. छबुबाईच्या अधू नजरेला ते दिसले नाहीत. गल्लीने जोडवी देऊन घडवलेले डोळे तिने श्रद्धेने देवाच्याच पोटात जपून ठेवले होते.

"आगं मग रविवारीच सांगायचं न्हाई का," आप्पाराव म्हणाले.

"कुनी इचारलंच न्हाई," छबुबाई म्हणाली.

महाराज त्या गडबडीत निघून गेले. वाटी विसरून गेले.

गुरुवारी सकाळी मी फळ्यावर लिहिले: 'मारुतीचे डोळे शेंदरात सापडले. छबुबाई निर्दोष आहेत.' सुंदररावांनी खोलीचा विषय काढला नाही, माफीचाही काढला नाही. छबुबाई गाठोडे घेऊन आली. लिंबागणेशला मानलेल्या भावाकडे चार दिवस जाऊन येते म्हणाली. फळ्यापुढे थांबली. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलंय, सर?"

मी वाचून दाखवले. तिने फळ्याकडे बराच वेळ पाहिले.

"त्या दिशी लाल खडू व्हता," ती म्हणाली, आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागली.

मी पांढऱ्या खडूने लिहिले होते, लहान अक्षरात, कोपऱ्यात, उद्याच्या नळाच्या वेळेखाली.

मी फळा पुसला. लाल खडू घेतला, चौकट काढली आणि पुन्हा लिहिले. ते तसेच इथे देतो, कारण फळा कधीतरी पुसावाच लागतो आणि ही बातमी पुसली जाऊ नये असे मला वाटते:

'छबुबाईंनी चोरी केली नाही. मारुतीचे डोळे त्यांनीच सांभाळले. वाटी चालली ती माझ्या बोटाने, आणि ती खोटी बातमी याच फळ्यावर मी लिहिली. मी त्यांची माफी मागतो. गल्लीकरांना विनंती: कुणी चमत्कार दाखवला तर त्याचे डोळे बांधून पुन्हा करायला सांगा. आणि कुणावर संशय आला तर वाटीला विचारू नका, त्या माणसाला विचारा. – सोमेश्वर'