बायकांची वेळ : बारा ते दोन

“दांडी सोडा.”

“सोडते.”

“कालपण सोडते म्हणालात. माहेरून आणलीय का ती दांडी, एवढी घट्ट धरायला?”

तरणतलावावरच्या या बाईला सगळ्या कॅप्टन म्हणत. गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल आणि आवाज असा, की बाहेरच्या रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक मारेल. ती काठावर उकिडवी बसली होती. खाली उथळ टोकाला, छातीभर पाण्यात, लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरून कॉलरवाली उभी होती. वय चव्वेचाळीस. अंगात खिडकीतून भाड्यानं मिळणारा निळा पोशाख. तिच्याआधी शंभर बायकांनी तो ताणून सैल करून ठेवला होता.

“काही करू नका,” कॅप्टन म्हणाली. “हात मारू नका, पाय मारू नका. डोकं मागं टाका नुसतं. काही करायला गेलं की माणूस बुडतं. काही केलं नाही तर पाणीच उचलतं.”

“आणि नाही उचललं तर?”

“मी आहे ना. मला काय शिट्टी वाजवायला ठेवलंय?”

“तेच वाटलं होतं.”

कॅप्टन हसली. कॉलरवालीनं डोळे मिटले आणि एकेक बोट सोडलं. पाठीखाली कॅप्टनचा रुंद तळवा आला. कानात पाणी शिरलं आणि जग बंद झालं. बायकांची बडबड, नळाची धार, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं कुठंतरी लांबच्या खोलीत गेलं. तिनं डोळे उघडले. वर नुसतं आभाळ होतं, पांढुरकं, ऊन पिऊन सुस्तावलेलं. एक घार इतकी उंच फिरत होती की ती फिरत होती की तिथंच टांगली होती, ते कळेना. पाठीखालचा तळवा केव्हा निघाला, तेही तिला कळलं नाही.

या वेळी कॉलरवाली राज्यशास्त्राचा पेपर लिहीत होती. निदान घरी तरी तसंच ठरलेलं होतं.

उन्हाळा म्हणजे लोकांना सुट्टी, पण शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो सीझन. पोरं सुट्टीत हुंदडत असतात तेव्हाच त्यांचे पुढच्या वर्षीचे शर्ट शिवायचे असतात. एका शर्टाला सात बायका लागतात. एक बाह्या, एक खिसा, एक काजं, आणि ही कॉलर. पूर्ण शर्ट एकीलाही येत नाही, असं कारखान्याचा मास्तर म्हणतो. येऊ नये याची काळजीही तोच घेतो, कारण जिला पूर्ण शर्ट येतो ती उद्या घरी मशीन मांडून बसेल. एकोणीस उन्हाळे तिनं पोरांच्या मानेला कॉलर दिली. त्यातलं एकही पोर सुट्टीत नेमकं काय करतं, हे तिला माहीत नव्हतं. स्वतःची शाळा नववीतच सुटली होती, आणि त्याआधीच्या सुट्ट्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन संपल्या होत्या.

मग चाळिशीला आल्यावर तिच्या डोक्यात शिकायचं खूळ शिरलं. खूळ हा मास्तरचा शब्द. बाहेरून दहावी केली, बारावी केली, आता पदवीचं पहिलं वर्ष. नवरा फ्रिज आणि कूलर दुरुस्त करायचा. त्याला बायकोच्या अभ्यासाचा अभिमान होता, तिच्यापेक्षा जास्तच. परीक्षेचं वेळापत्रक आलं तेव्हा त्यानं ते फ्रिजच्या दाराला चिकटवलं आणि वरपासून न वाचता थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“वीस तारखेपर्यंत. एवढी लांबलचक परीक्षा डॉक्टरांचीसुद्धा नसेल.”

वीस तारखेचा पेपर हिशेबशास्त्राचा होता, दुसऱ्याच कुणाचा. त्या एका कागदावर सगळ्या विषयांच्या तारखा छापलेल्या होत्या. हिचा शेवटचा पेपर बारा तारखेला संपत होता. हे सांगायला तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात तो आतल्या खोलीकडं वळून म्हणाला, “आई, वीसपर्यंत हिला हाक मारायची नाही बरं का. काही लागलं तर मला सांग.”

हाक मारायची नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली, आणि हे वाक्य या घरात कुणी बोललं नव्हतं. तिनं तोंड मिटलं. मास्तरला वीसपर्यंतच्या रजेचा फोनही त्यानंच केला. खोटं ती बोललीच नाही, खरं फक्त सांगायचं राहिलं. आणि खरं सांगून काय झालं असतं, हे तुम्हाला मला माहीत आहे. तेराला सकाळी ती मशीनवर असती. बाईला परीक्षा मागता येते, आजारपणही मागता येतं. सुट्टी मागायची म्हटली तर ती कशासाठी हे सांगावं लागतं, आणि कशासाठीच नाही हे उत्तर कुणी लिहून घेत नाही.

तेराला ती नेहमीसारखी सकाळी दहा वाजता निघाली. पिशवीत दोन पेनं, प्रवेशपत्र, पाण्याची बाटली. कोपऱ्यावर वळल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला कुठंच जायचं नाही. ती तिथंच उभी राहून हसली, एकटीच, वेड्यासारखी.

मग ती बागेत गेली. शेजारच्या बाकावर एक माणूस तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होता. त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. ही आपल्या बाकावर नुसती रेलली, तर अर्ध्या तासात तिघांनी विचारलं, “काय होतंय का ताई?” पुरुष आडवा झाला तर दमलेला असतो. बाई आडवी झाली तर तिला काहीतरी झालेलं असतं. तिनं बाक सोडला. वाचनालयात गेली, पुस्तक उघडलं आणि त्यावर डोकं ठेवून गाढ झोपली. उठून बाहेर आली आणि अख्खं कलिंगड चिरून घेतलं. ते झाडाखाली बसून एकटीनं खाल्लं. कुणासाठी फोड ठेवली नाही, मधला गोड भागसुद्धा नाही. रस कोपरापर्यंत ओघळला, तो तिनं चाटला. मुंग्यांची एक रांग ती पाऊण तास बघत बसली. दुपार एवढी लांब असते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिला तलावावरची पाटी दिसली. पुरुष : सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. महिला : दुपारी बारा ते दोन. म्हणजे गारवा कुणाला आणि भट्टी कुणाला, ते वाटून झालेलं होतं, आणि वाटणाऱ्यांत एकही बाई नसणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण तिच्या पथ्यावर तेच पडलं. बारा ते दोन म्हणजे बरोब्बर पेपरची वेळ.

त्या भट्टीत सहा-सात जणी यायच्या. रात्रपाळी करून आलेली एक नर्स पायरीवर बसल्या बसल्या झोपायची, पाय पाण्यात सोडून. एक निवृत्त शिक्षिका न बोलता या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत राहायची, कुणाच्या तरी चुका तपासत असल्यासारखी. उन्हानं पाण्याच्या तळाशी जाळं विणलेलं असायचं, सोनेरी, सैल, सारखं हलणारं. कॉलरवाली त्याच्यावरून तरंगायची. मास्तर नाही, मशीन नाही, मान वाकवायची नाही. मानेखाली पाणी असायचं. इतक्या वर्षांत तिच्या मानेखाली कुणी काही ठेवलं नव्हतं. दोन वाजता शिट्टी झाली की ती मागच्या पायऱ्यांवर सावलीत केस वाळवत बसायची. केस पूर्ण कधी वाळायचेच नाहीत.

तेच नडलं.

अठराच्या संध्याकाळी ती कांदा चिरत होती. बाहेरच्या खोलीत नवरा कुठला तरी पंखा खोलून ठोकत होता. सासू मागून डबा घ्यायला आली, आणि डबा न घेता मागंच उभी राहिली.

“पेपर कसा गेला?”

“बरा गेला, आई.”

“ओला होता का?”

सुरी थांबली.

“रोज केस ओले घेऊन येतेस,” सासू हळूच म्हणाली. “वाटलं, घामानं असतील. पण घामाला दवाखान्यात फरशी पुसल्यासारखा वास येत नाही. मला वाचता येत नाही गं, पण नाक आहे.”

“बाराला संपली परीक्षा,” कॉलरवाली म्हणाली. कांद्याकडं बघतच म्हणाली.

“मग जातेस कुठं?”

“पोहायच्या तलावावर. बायकांची वेळ असते.”

“पोहतेस?”

“नाही. पडून राहते पाण्यावर.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

बाहेरून ठोकणं थांबलं आणि आवाज आला, “प्रोफेसर, उद्या कुठला पेपर?”

हिनं सुरी खाली ठेवली. आता सासू सांगणार. उद्या सकाळी मास्तरचा फोन येणार, आणि वर जन्मभर सगळ्यांचे टोमणे.

“अवघड आहे उद्याचा,” सासूनं आतूनच उत्तर दिलं. “तिला बोलवू नकोस.” मग तिनं डबा उचलला, आणि जाता जाता खालच्या आवाजात म्हणाली, “मला घेऊन चल उद्या.”

खरं सांगायचं तर कॉलरवालीला राग आला. दोनच दिवस उरले होते, त्यातला एक गेला. देवासारखी धावून आली म्हणून सासूचे पाय धरावेत असं तिला मुळीच वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त आपलं होतं, त्यातही आता वाटेकरी. रात्री तिला स्वतःची लाज वाटली. मग लाज वाटली याचाच राग आला. फोड न ठेवता खाल्लेलं कलिंगड एकदाच खाल्लं होतं ना, एकदाच.

सकाळी सासूनं मुलाला सांगितलं, की सूनबाईच्या वाटेवरच डोळ्यांचा दवाखाना आहे, डोळे दाखवून येते. तो म्हणाला, “वा, घरात दोन दोन परीक्षा.”

तलावाच्या खिडकीतून निळा पोशाख मिळाला. सासूनं तो हातात धरून उलटसुलट केला. वय एकाहत्तर, अंग वाळक्या शेंगेसारखं.

“हे कुणाच्या मापानं शिवलंय?”

“सगळ्यांच्या,” खिडकीतली म्हणाली.

“म्हणजे कुणाच्याच नाही. हिच्या मास्तरचं काम दिसतंय.”

कॉलरवालीला हसू फुटलं, न हसायचं ठरवलं होतं तरी.

पोशाखावर टॉवेल गुंडाळून सासू पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. “गार आहे,” ती म्हणाली. थोडा वेळ गेला. “आता काय करायचं?”

“काही नाही करायचं, आई.”

“बरं.” पुन्हा थोडा वेळ गेला. “मग कधी करायचं?”

कॉलरवाली पाण्यात उतरली, दांडी सोडून चार पावलं आत गेली आणि मागं रेलली. पण कान पाण्याखाली जाईनात. सारखं लक्ष पायरीकडं. सासूनं टाचेनं पायरीवरचं शेवाळ खरवडायला घेतलं होतं. टाच पुरेना तशी ती वाकून हातानं घासू लागली. पायरी झाली. मग तिनं शेजारी झोपलेल्या नर्सचा ओला टॉवेल पिळून झटकून कठड्यावर घातला. मग शिक्षिकेचा.

“आजी,” कॅप्टन म्हणाली, “त्याला माणसं आहेत आमच्याकडं.”

“असू दे गं, बसल्या बसल्या होतंय.”

“आई, ठेवा ते,” कॉलरवाली पाण्यातून ओरडली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार कडक आवाज निघाला. नर्स जागी झाली.

सासूनं टॉवेल ठेवला. शिक्षा झालेल्या मुलीसारखे दोन्ही हात मांडीवर घेतले. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. कॉलरवाली पाणी कापत पायरीशी आली.

“मला येत नाही गं हे,” सासू म्हणाली. भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं, तशी म्हणाली. “सहा वर्षांची होते तेव्हा पहिलं भावंड कडेवर दिलं. ते उतरलं तर दुसरं. मग तुझा सासरा, त्याची आई, मग माझी पोरं. रिकामं म्हणून कुणी ठेवलंच नाही. तू कशी शिकलीस?”

“मलापण सात दिवसच झाले.”

“कुणी शिकवलं?”

तिनं कॅप्टनकडं बोट दाखवलं. कॅप्टन पुढं सरसावली, पण कॉलरवालीनं मान हलवली. तिनं सासूचा हात धरला आणि एक एक पायरी खाली आणलं. पाणी सासूच्या कमरेला लागलं, मग छातीला. म्हातारीनं सुनेचा दंड असा पकडला की नखं रुतली.

“डोकं मागं टाका. मी धरलंय.”

“सोडशील.”

“नाही सोडत.”

“तू माझ्यावर चिडलीयेस कालपासून. सोडशील.”

“चिडलेय,” कॉलरवाली म्हणाली. “पण सोडणार नाही.”

सासूनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग डोळे मिटले आणि मान मागं टाकली. कॉलरवालीनं एक तळवा मानेखाली धरला, एक पाठीखाली. सुरुवातीला ते अंग फळीसारखं ताठ होतं. मग कान पाण्याखाली गेले आणि काहीतरी सुटलं. पाय आपोआप वर आले, सुरकुतलेले, भेगांच्या टाचांचे. पांढरे केस पाण्यावर पसरले. ओठ थोडे उघडले. तळव्यावर वजन असं उरलंच नाही, फुगवलेल्या उशीएवढंही नाही. तळाचं सोनेरी जाळं तिच्या अंगाखालून हलत राहिलं. कॉलरवालीला तिचा आतापर्यंत न पाहिलेला एक चेहरा दिसत होता.

घड्याळात दोन वाजून गेले. कॅप्टन काठावर आली, शिट्टी ओठांत धरली आणि खाली वाकून बघत राहिली.

कॉलरवालीनंही तेव्हाच पाहिलं. सासूचं सगळं अंग सैल पडलं होतं, श्वास झोपेतल्यासारखा संथ चालला होता. फक्त पाण्यावर पसरलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट हलत होतं. ती पाण्यावरून काहीतरी चिमटीत उचलत होती आणि बाजूला टाकत होती. पुन्हा उचलत होती, पुन्हा टाकत होती, डाळीतला खडा काढावा तसं. समोर स्वच्छ निळं पाणी होतं, आणि त्यात निवडण्यासारखं काहीही नव्हतं.