सहा मिनिटं गप्प

मास्तरांना उभ्या जन्मात एकच गोष्ट शिकवता आली, ती म्हणजे कवायत, आणि एकच गोष्ट शिकता आली नाही, ती म्हणजे तोंड बंद ठेवणं. हे त्यांचं स्वतःचंच मत होतं आणि ते चारचौघांत सांगायला त्यांना मुळीच लाज वाटत नसे. लाज वाटायची ती पायांची. शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीच पायांनी परस्पर राजीनामा दिला होता.

स्नायूंचा एक आजार त्यांच्या घराण्यात होता. इतका विरळा, की नाव सांगितलं की भलेभले डॉक्टरसुद्धा ‘काय म्हणालात?’ करायचे. पूर्वजांनी जमीनजुमला काही ठेवला नाही, हा आजार तेवढा आठवणीनं ठेवला. तो मास्तरांच्या वाट्याला आला आणि धाकट्या बहिणीला सोडून तिच्या लेकीला चिकटला. लहानपणी ती घरभर गरागरा फिरायची म्हणून मास्तरांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलेलं. आता भिंगरी कॉलेज संपवून घरूनच नोकरी करत होती आणि खुर्चीतून उठताना टेबलाला धरत होती. तिघं एकाच घरात राहायची.

या आजाराच्या रुग्णांची एक नोंदणी होती. देशोदेशी विखुरलेल्या मूठभर माणसांची माहिती एका जागी ठेवायची, दर वर्षी त्यांना तपासायचं आणि आजार कुणात कसा पुढे सरकतो ते बघायचं. नाहीतर औषध शोधणार तरी कशाच्या जोरावर? तपासणीतली मुख्य गोष्ट अगदी साधी होती. दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं रोजच्यासारखं चालायचं. किती अंतर झालं ते लिहून घ्यायचं.

‘रोजच्यासारखं’ हा शब्द मास्तरांच्या कानात शिरलाच नाही. त्यांना दिसली परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की तयारी आली! तपासणीच्या आधी आठवडाभर ते भिंगरीला इकडची काडी तिकडे करू देत नसत. विश्रांती, तेलाचं मालिश, नवे बूट, निघताना दुखण्याची गोळी. मग कॉरिडॉरच्या टोकाला उभं राहून ओरडायचं, ‘शाबास! मान वर! आणखी एक फेरी!’ तेव्हाचा तपासनीस भला माणूस, हसून सोडून द्यायचा. पोरगी मामाच्या शब्दाखातर जीव तोडून चालायची. स्वतःच्या पाळीला मास्तरही तसेच. घरी आल्यावर दोन-तीन दिवस मामा एका खोलीत आडवा, भाची दुसऱ्या खोलीत, आणि बहीण दोघांना भरवत मधल्या दारातून ये-जा करायची. ‘मार्क पडले ना पण!’ मास्तर कण्हत म्हणायचे.

यंदा तपासणीच्या आधी नोंदणीच्या नव्या बाईंचा फोन आला. मास्तरांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. कौतुक एकट्यानं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

‘मास्तर, तुमच्या घरचं कोडं सुटत नाही बघा,’ बाई म्हणाल्या. ‘बाकी सगळ्यांची चाल वर्षागणिक उतरतेय. तुमची दोघांची मात्र जागच्या जागी! तुमच्या रक्तात काही वेगळं आहे का, ते शोधायचं म्हणतायत संशोधक.’

‘आमचं रक्तच तसलं!’ मास्तर फुगून म्हणाले.

‘वाईट एवढंच वाटतं, की नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय आणि ज्यांची चाल ठरावीक अंतराच्या खाली गेलीय त्यांनाच त्यात घेणार आहेत. तुमचं वय त्यात बसत नाही, आणि भिंगरी दर वेळी थोडक्यात वर राहते. याही वेळी राहिली, तर तिचं नाव बसणार नाही. पुढची संधी केव्हा येईल, सांगता येत नाही.’

‘दादा, वेगळं रक्त नाही तुझं, जीभ वेगळी आहे!’ बहीण कडाडली. ‘तपासणीवरून आली की पोरीला चमचा उचलवत नाही. मी भरवते तिला. आणि तू मार्क मोजत बसतोस?’

मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला. तिकडे कुठल्या तरी देशात मोठमोठी डोकी आपल्या रक्तातलं रहस्य शोधत शिणतायत, आणि रहस्य काय, तर मालिशचं तेल! त्यांनी चाचरत बाईंना सगळं सांगून टाकलं.

‘आमची अख्खी नोंदणीच मूठभर माणसांची,’ बाई म्हणाल्या. ‘त्यात दोघांनी शर्यत लावली, तर आजारच सौम्य दिसायला लागतो, मास्तर. या खेपेला कसली तयारी नको. आणि तिथे तुम्ही गप्प बसायचं.’

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी भाचीला हाक मारली. ‘भिंगरे, इकडे ये. दुसऱ्या फेरीला डावा पाय जरा ओढायचा. तिसऱ्या फेरीला भिंतीला हात, आणि चेहरा असा.’ त्यांनी कळवळून दाखवलं. बरं जमलं, असंही त्यांना वाटून गेलं.

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. ‘मामा, वाईट कसं चालायचं ते मला शिकवायला नको.’

‘अगं, पण थोडा सराव...’

‘तू खोलीत आलास की मी सरळ चालते. तू गेलास की भिंत धरते. रोज. तुला माहीतच नाही, कारण तू असताना तसं मी होऊच देत नाही. तू नुसता गप्प बस, बाकी मी बघते.’

मास्तर भिंत धरत आपल्या खोलीत गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.

तपासणीच्या दिवशी मास्तर बहिणीशेजारी खुर्चीत बसले. कॉरिडॉरच्या दोन टोकांना नारिंगी शंकू ठेवलेले होते, भिंतीला लाकडी कठडा होता. बाईंनी घड्याळ सुरू केलं आणि भिंगरी निघाली. पहिली फेरी तिनं बरी केली. मास्तर बोटांवर तिची पावलं मोजायला लागले, ही जास्तच चालली तर? आणि त्याच वेळी ‘शाबास’ अगदी जिभेवर आलं. काय दुतोंडी माणूस आहेस रे, त्यांनी स्वतःला झापलं आणि रुमालाचा बोळा तोंडात कोंबला.

मग तिचा गुडघा लचकला. तिनं कठडा धरला, थांबली, पुन्हा निघाली. पाऊल फटफट आपटत होतं, खांदे एका बाजूला जात होते. आपण शिकवलेला तो कळवळलेला चेहरा मास्तर शोधत राहिले. तो कुठे नव्हताच. भिंगरीचा चेहरा शांत होता, रोजचं काम करताना असतो तसा. हे सगळं ती घरात, दाराच्या पलीकडे, किती दिवस एकटी करत आली होती! औषध गेलं खड्ड्यात, मास्तरांच्या मनात आलं, देवा, पोरीला दोन फेऱ्या धड चालू दे. पुढच्या फेरीत ती मधेच एका खुर्चीवर बसली. घड्याळ चालूच होतं. ती पुन्हा उठली नाही.

‘झाली वेळ,’ बाई म्हणाल्या. त्यांनी अंतर मोजलं. ‘बरंच खाली आहे. बसतंय हिचं नाव.’

बहिणीनं ओंजळीत तोंड लपवलं. मास्तर भिंतीच्या आधारानं भाचीपर्यंत गेले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसले.

‘मामा, कशी चालले?’ घाम पुसत तिनं विचारलं.

‘फार वाईट चाललीस गं,’ मास्तर म्हणाले आणि भर कॉरिडॉरमध्ये हुंदके देऊन रडायला लागले. ‘फार म्हणजे फारच वाईट.’

‘हो ना?’ भिंगरी हसली. उठायला म्हणून तिनं हात पुढे केला. मास्तरांनी तो धरून जोर लावला, तिनंही लावला, पण दोघांनाही उठता येईना. शेवटी बहीण आली. तिनं आधी लेकीला उठवलं, मग भावाला.