उजेडाच्या वाटेत

डोळ्यांच्या डॉक्टरांनी जुईला तपासलं आणि मला म्हणाले, "मोबाइल बंद. बघायचंच असेल तर लांबून, मोठं बघू दे." तीन वर्षांच्या पोरीला लांबून म्हणजे काय ते कसं सांगायचं? आणि चिंचपोकळीच्या चाळीतल्या आमच्या खोलीत लांब असं आहेच काय? शेवटी एका रविवारी मी आणि विकास लॅमिंग्टन रोडला प्रोजेक्टर बघायला गेलो.

दुकानातला मुलगा भलताच बोलका होता. "वहिनी, रूम किती लांब?"

"बारा फूट."

"मग हा मोठावाला विसरा. त्याला लांबून फेकायला लागतं. तुमच्या घरात पिक्चर रुमालाएवढं येईल." त्याने एक छोटा डबा पुढे सरकवला. "हा घ्या. आठ-नऊ फुटांवरून भिंतभर होतो. फक्त सीलिंगला लावा हां. खाली ठेवलात तर जो उठेल तो पडद्यावर."

"सीलिंगला?" विकास म्हणाला. "आमच्या तुळईला खिळा मारला तर वरचे काका कॉटसकट खाली येतील."

तिघेही हसलो. प्रोजेक्टर आमच्याकडे स्टुलावर बसला, दाराजवळ.

समोरच्या भिंतीला चुन्याचे पोपडे होते. कार्टूनमधल्या सशाच्या गालावर फोड आल्यासारखे दिसायचे. कापड हवं होतं, जाड आणि पांढरं. बाजारात जायला वेळ कुठला? मी पोटमाळ्यावरची ट्रंक उघडली. तळाशी मांजरपाटाच्या दोन घड्या, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. सासरे गिरणीत विणकर होते, त्यामुळे आमच्याकडे मांजरपाट सापडणं म्हणजे कोळ्याच्या घरात सुकट सापडणं. ते त्या आठवड्यात गावी, मालवणला गेले होते. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. वरची घडी काढली, वर दांडीसाठी नेफा शिवला, खाली वजनाला दुसरी दांडी घातली आणि टांगलं. एक सुरकुती नाही. काय सुंदर वीण होती!

विकासची सेकंड शिफ्ट. त्यामुळे संध्याकाळी खोलीत मी आणि जुईच. दिवे मालवून प्रोजेक्टर लावला. फोकस करायला आधी नुसता पांढरा उजेड सोडला, तर डावीकडचा भाग मंद दिसला. मळकट पाण्यासारखा. लेन्सवर धूळ असेल म्हणून पुसली. तरी तसंच.

जुई कापडापाशी मांडी घालून बसली होती. "बाई," ती म्हणाली.

"कुठली बाई, सोनू?"

मी ससा लावला, ती हसली, मी भाकऱ्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तो मंदपणा आत सरकला होता. उभट झाला होता. मी दुकानातल्या मुलाला फोन लावला.

"सिंपल आहे वहिनी. स्टूल जरा उजवीकडे सरकवा. डाग चित्राबरोबर उजवीकडे गेला तर लेन्समध्ये आहे. जागेवर राहिला तर कापडावर."

मी स्टूल सरकवलं. चित्र उजवीकडे गेलं. डाग डावीकडे गेला.

तसं त्याला सांगितलं. तो हसला. "मग मध्ये कोणीतरी उभं आहे, वहिनी. त्यांना बाजूला व्हायला सांगा."

मी उजेडाच्या त्या पट्ट्यात हात घातला. हवा गार लागली असं लिहायचा मोह होतोय, पण नाही लागली. काहीच लागलं नाही. फक्त माझ्या हाताची सावली पडली आणि तिच्या शेजारी ती दुसरी, अजून तिथेच.

विकासला सांगितलं तर म्हणाला, "झोप घे जरा. डोळे तुझेही तपासू."

तिसऱ्या संध्याकाळी ती सावली लहान झाली होती. मला आधी बरं वाटलं. मग मी माझा हात लेन्सपाशी धरून पाहिला: कापडावर केवढा तरी थोरला, धुरकट पंजा. तोच हात कापडाकडे नेत गेले तसा लहान झाला, कडा धारदार झाल्या, बोटं मोजता आली.

म्हणजे ती लहान होत नव्हती. चालत होती. दारापासून कापडाकडे. आणि कापडापाशी माझी जुई बसली होती.

मी झडप घालून बटण दाबलं. अंधार झाला तशी जुई किंचाळली, "आज्जी! आज्जी गेली!"

हा शब्द तिला कोणी शिकवला? माझी आई तिची 'माई'. सासूबाई आमच्या लग्नाआधीच कोरोनात गेल्या. मीच त्यांना कधी पाहिलं नाही.

दार वाजलं. सासरे, हातात फणसाची पिशवी. मी दिवा लावला. त्यांची नजर थेट कापडावर गेली. पिशवी तिथेच खाली टेकली.

"काय गो दर्शना, ह्या कापड खयसून काढलंस?"

"ट्रंकेतून. बाबा, मला वाटलं..."

ते कापडाजवळ गेले, काठावरून अंगठा फिरवला. "माझ्या हातचा. गिरण बंद पडली तेव्हाच्या शेवटच्या ताग्यातला. दोन तुकडे काढून ठेवलंय. एक माझो, वरचो हो तिचो. जातेवेळी पांघरूक." ते खाली बसले. "तिका पोचलाच नाय. हॉस्पितळातून पिलास्टिकात बांधून नेल्यानी. माका लांबसून दाखवल्यानी. सवाष्ण गेली गो माझी, आणि ओटी नाय, कुंकू नाय."

सासूबाईंचं शेवटचं वस्त्र मी सशाच्या कार्टूनसाठी भिंतीला टांगलं होतं.

"आत्ता काढते," मी म्हटलं आणि दिसलेलं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते घाबरतील. त्यांनी दिवा मालवला आणि स्वतःच्या हाताने प्रोजेक्टर लावला.

आता ती अगदी कापडालगत होती. मान, अंबाडा, एक खांदा किंचित खाली. शेजारी जुईची छोटी सावली, दोन शेंड्यांची. आमच्या समोर त्या मोठ्या सावलीने हात पदराला पुसले. आधी एक, मग दुसरा. सावकाश. मग हात जुईच्या डोक्याकडे गेला.

"सुभद्रा," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता. "अशीच करी. भाकरीचो हात पोराक लागूचो नाय म्हणान आधी पदराक पुशी."

मी जुईला ओढून कडेवर घेतलं. तिची सावली माझ्या सावलीत मिसळली, पण तो हात तिच्यामागे आलाच.

"बाबा, ह्या तिला न्यायला आल्या असतील तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. त्यांनी मान परत कापडाकडे वळवली.

"कापड काढूया."

"ऱ्हवांदे. थोडा वेळ, गो. बघूंदे माका."

त्यांच्याशी भांडायला माझ्यात बळ नव्हतं, आणि नुसतं कापड काढून काही होणार नाही हे मला कळत होतं. मी जुईला त्यांच्या मांडीत दिलं. "घट्ट धरा." ताटात तांदूळ घेतले, नारळ, दिवाळीतला नवा खण, हळदकुंकू. प्रोजेक्टरचा उजेड डोळ्यांवर घेत मधोमध गेले आणि त्या सावलीशेजारी उभी राहिले. बोलताना मी डोक्यावर पदर असल्यासारखी बोलले.

"आई, मी दर्शना. विकासची बायको. आपली भेट राहून गेली. तुमची ओटीही राहिली, ती मी भरते. पदर पुढे करा."

सावलीचे हात खाली आले. पदर ओंजळीसारखा पुढे झाला.

कापडाला हळदकुंकू लावलं. नारळ आणि खण पायाशी ठेवला. मग ओंजळभर तांदूळ त्या पदरात सोडले. आमची फरशी नुसती मोहरी सांडली तरी वाजते. काहीच वाजलं नाही.

"आमच्याकडे ओटी भरली की सवाष्ण त्यातले चार दाणे परत देते," मी म्हणाले. "भरलं घर रिकामं होऊ नये म्हणून. माझं घर ह्या जुईत आहे, आई."

कापड एकदम पांढरं झालं. सगळीकडे सारखं. मंद कोपरा नाही, काही नाही. सासऱ्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कापड, नारळ आणि खण एकत्र बांधून स्मशानात नेऊन अग्नीला दिलं. सगळं ऐकून विकासही सोबत गेला. फरशी झाडताना मला तांदळाचा एकही दाणा सापडला नाही.

अग्नी दिल्याच्या रात्री जुई आजोबांच्या कुशीतच झोपली. सकाळी तिची मूठ गच्च मिटलेली. मी एकेक बोट उलगडलं. आत चार दाणे होते, घामाने ओलसर, कुंकू लागलेले.

सासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि कितीतरी वेळ तिच्या तळव्यावर हात ठेवून बसले.

"परत केल्यान," ते म्हणाले.

आता ससा पुन्हा पोपड्यांच्या भिंतीवर उड्या मारतो. ट्रंकेत एकच घडी उरली आहे. आणि घरातलं कोणी दारापासून आत येताना त्या उजेडातून सरळ चालत येत नाही. विकाससुद्धा वाकून, कडेकडेने येतो.