सोबत्याचं मत

मतदानाची सुट्टी असली तरी काजवाली सकाळी सातलाच खिडकीपाशी काम घेऊन बसली होती. शर्टांना काजं करण्यात तिची तीस वर्षं गेली होती, म्हणून कारखान्यात आणि गल्लीत सगळे तिला काजवालीच म्हणत. या वयातही सुईत दोरा ओवताना तिला चष्मा लागत नसे. आणि हीच बाई गेल्या चार निवडणुकांत सरकारदरबारी आंधळी होती.

सुरुवात खरी होती. पहिल्या खेपेला तिच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. न दिसणाऱ्या मतदाराचा सोबती म्हणून मुलगा आत गेला आणि तिच्या वतीनं मतयंत्राचं बटण त्यानं दाबलं. महिन्याभरात पट्टी निघाली, डोळे लख्ख झाले. तरी पुढच्या प्रत्येक वेळी मुलानं तिच्या नाकावर काळा चष्मा चढवला आणि तिचं मत आपणच देऊन टाकलं. घरात वाद नको म्हणून ती गप्प राहिली, आणि मग गप्पच राहत गेली.

यंदा घरात एक मत वाढलं होतं. नवी सून दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती. चहा झाल्यावर मुलानं तिच्यापुढे पांढऱ्या पट्टीची गुंडाळी टाकली.

"उजवा हात मोडलाय म्हणून सांगायचं. बाबा येतील तुझ्यासोबत."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काही झालं नाही, म्हणून तर पट्टी. पार्टीच्या साहेबांना मी घरातल्या चारही मतांचा शब्द दिलाय. तुझा काय भरवसा?"

सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "दहा मिनिटांचं काम आहे, सूनबाई. उगाच ताणू नकोस."

सून उठायला लागली, तसं मुलानं तिचं मनगट धरून पट्टी आवळली. बोटांची टोकं पांढरी पडली. "पिन लाव गं, आई," तो म्हणाला.

आणि काजवालीनं पिन लावली. सून तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेनं काजवालीला संताप आला, तो आधी स्वतःवरच.

शाळेच्या खोलीत केंद्र होतं. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं मुलाला विचारलं, "यांना दिसत नाही का?"

दर वेळी असंच व्हायचं. तिच्याबद्दल विचारायचे, तिला कुणी विचारायचं नाही.

"अजिबात नाही," मुलगा म्हणाला. अधिकाऱ्यानं फॉर्म पुढे ओढला.

काजवालीनं काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साहेब, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावलंय. बाकीची पांढऱ्या. अजून काय सांगू?"

रांगेत हसू फुटलं. मुलानं तिचा दंड धरला. "आई, घरी चल."

"मत देऊन येते. हात सोड." मागे सासऱ्यांबरोबर उभ्या असलेल्या सुनेला तिनं पुढे ओढलं, पिन काढली आणि भराभरा पट्टी उलगडली. "हीसुद्धा धडधाकट आहे. रोज लोकांच्या शिरेत सुई घालते. आणि हेही लिहून घ्या, माझी चार मतं माझ्या पोरानं दिली."

"बाई, आधीचं मला काय माहीत?"

"आजचं तर माहीत आहे ना? आजही तुम्ही त्यालाच विचारलंत."

अधिकारी ओशाळला. त्यानं फॉर्म बाजूला सारला आणि दोघा पुरुषांना मागे उभं राहायला सांगितलं.

आत काजवालीनं सगळी नावं शेवटपर्यंत वाचली. तिनं कुणाला मत दिलं ते इथे सांगणार नाही. ते तिचं तिच्यापाशी.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "चारचौघांत नाक कापलंस." मुलानं बायकोला माहेरी निघून जायला सांगितलं.

"ती गेली तर मीही निघाले," काजवाली म्हणाली. "मग दोन्ही वेळचं तुमचं तुम्ही बघा." सून गेली नाही. मुलानं मात्र दोघींशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात काजवालीनं सगळं सांगितलं, पिन लावल्याचंही लपवलं नाही. तिच्या टेबलावर अकरा बायका. त्यांतल्या सातजणींनी आजवर स्वतःच्या मनानं मत दिलेलं नव्हतं.

"आमचे हे तर मला नेतच नाहीत," एक जण म्हणाली. "म्हणतात, उन्हात कशाला येतेस."

पुढच्या निवडणुकीला या सातजणींना केंद्राच्या दारापर्यंत आपण स्वतः न्यायचं, असं काजवालीनं ठरवलंय. आठवं घर कदाचित तुमचं असेल. घरातल्या बाईला आज एकदा विचारून पाहा. आणि विचाराल तेव्हा तिलाच विचारा.