नव्या तांदळाची सुशी

प्रणालीने पहिली सुशी पांढऱ्या बशीत ठेवली आणि ती तिच्या डोळ्यांदेखत पसरली. शीत न् शीत सुटं. वरची कोळंबी घसरून ओट्यावर.

"अगो, हा तर पुलाव झाला," सासू म्हणाली. केसरबाईंनी रेवदंड्याच्या बंदरावर तीस वर्षं मासळी विकली होती. त्या कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नसत.

नऊ वाजले होते. अकराला भाविका येणार होती, नागावच्या नव्या रिसॉर्टची मालकीण. तिला सुशी आवडली तर दर शनिवार-रविवारचं काम प्रणालीला घरबसल्या मिळणार होतं. नाहीतर सोमवारपासून अलिबागची नोकरी, आणि दोन वर्षांचा ऋत्विक दिवसभर आईविना. आईचा कान धरल्याशिवाय झोपत नसे तो. आपण अलिबागला असताना त्याला ताप आला तर? घशात काही अडकलं तर? प्रणालीच्या डोक्यात ही यादी दिवसभर चालूच असे.

लग्नाआधी ती वाशीच्या हॉटेलात सुशी करायची. तिथे जपानी तांदूळ पिशवीतून यायचा. इथे तिने माणगावच्या माहेरचा उत्तम तांदूळ काढला होता, दोन वर्षं मुरवलेला. पाहुण्याला नवा तांदूळ वाढायचा नाही, हे तिच्या हाडात होतं. नवा भात चिकट, पोटाला जड.

चिकट!

"आई, भाकरीच्या पिठाला काढलेला नवा तांदूळ कुठाय?"

"पावणीला नवा भात देतेस? माहेरची अब्रू घालवशील."

"द्या ना हो."

केसरबाईंनी डबा आणून आदळला. तांदूळ धुतला, भिजवला, शिजवला. प्रणालीने गरम भातावर व्हिनेगर, साखर, मीठ शिंपडलं आणि केसरबाई सुपाने वारा घालू लागल्या.

"मासा कच्चाच ना घालायचा?"

"सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे आई, सुशी म्हणजे हा आंबटगोड भात. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप, ते साशिमी. ते मी करायची नाही. माशात जंत असले तर आपल्या फ्रीजने मरत नाहीत."

"मी पण खायची न्हाय," केसरबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं होतं.

प्रणालीने समुद्रशेवाळाच्या काळ्या कागदावर भात पसरला, मधे काकडी आणि भाजलेली सुरमई ठेवून बांबूच्या छोट्या चटईने गुंडाळी केली, वड्या कापल्या: ही माकी. दुसऱ्या कागदाचा भेळेच्या पुडीसारखा कोन वळून भरला: तो तेमाकी. आता उरली निगिरी, भाताची लांबट मूठ आणि वर उकडलेली कोळंबी. भात तिच्या बोटांना चिकटला, मूठ वळेना.

"सर बाजूला." केसरबाईंनी पाण्यात हात बुडवला, भाकरीचा गोळा घ्यावा तसा भात उचलला आणि दोनदा दाबला. मूठ बशीत ठेवली. हलली नाही. प्रणालीने बशी तिरकी केली, तरी नाही.

"आणखी करा," प्रणाली म्हणाली.

भाविका अकराला आली. फोन बाजूला ठेवून तिने निगिरी तोंडात टाकली. प्रणाली तिच्या जबड्याकडे बघत राहिली. भाविकाने दुसरी उचलली. मग माकी. मग विचारलं, "ही निगिरी कोणी वळली?"

"मी," केसरबाई म्हणाल्या. "जपानला शिकले."

भाविका खो खो हसली. "या शनिवारपासून सुरू करू. चाळीस प्लेटी. फक्त एक अट, तुम्ही दोघी रिसॉर्टच्या किचनमध्ये येऊन करा."

प्रणालीने हातातली बशी खाली ठेवली. हो म्हणून मोकळं व्हावं? आत पाळण्यात ऋत्विक कुशीवर वळला.

"नाही," तिच्या तोंडून निघालं, आणि पुढचं आपोआप आलं. "सुशी इथेच होईल. ऋत्विकचे बाबा वीस मिनिटांत पोचवतील. सुशी ताजी खायची असते, म्हणून जेवणाची वेळ तुम्ही आम्हाला आधी कळवायची. आणि कच्चा मासा कुणी मागितला, तर मिळणार नाही."

भाविकाने तेमाकीचा शेवटचा घास संपवला, बोटं पुसली. "जेवण साडेसातला. सातला इथून निघायला हवं."

"निघेल."

गाडी गल्लीबाहेर गेली तशी केसरबाईंनी कंबरेला पदर खोचला. "चाळीस प्लेटी! चल, तांदूळ निवडायला घे. आणि माझी ती जपानी भाकरी मला नीट शिकव, आज अंदाजाने केली."

प्रणालीने सासूला तिथेच, भाताच्या हातांनी, घट्ट मिठी मारली.