जलद गाडीला थांबवणारी मालगाडी

मित्रांनो, मी एक जुनी मालगाडी आहे. तुमच्या दोन हातांत मावेन एवढीच, पण मला खेळणं म्हणू नका. मी ओझं ओढते आणि चढावर धापा टाकते. मोठ्या मालगाड्या तरी याहून वेगळं काय करतात?

माझी मालकीण गिरणीत यंत्रं दुरुस्त करायची. भंगारातलं पितळ कापून, कानशीनं घासून तिनं मला घडवलं. घराच्या माडीवर तिनं रूळ मांडले, मधोमध स्टेशन उभारलं, पुढे खडा चढ केला. रुळांचे सांधे बदलून मार्ग वळवणं, गाड्या सोडणं, थांबवणं, सगळं तिच्याच हातानं चाले. शेजारची मुलं मलाच बघायला यायची. मी फुगून जायचे, खोटं कशाला सांगू?

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. माडीला कुलूप लागलं. माझ्या चाकांतलं तेल घट्ट झालं आणि मला कोणी विचारीना.

एके दिवशी तिचा भाचा कॉम्प्युटर आणि काही नव्या गाड्या घेऊन आला. हात चालत नसला तरी मावशीला गाड्या धावताना दिसल्याच पाहिजेत, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. कोणती गाडी कुठवर आली हे कळावं म्हणून त्यानं रुळांखाली सेन्सर बसवले, सांध्यांना छोट्या मोटारी लावल्या. कोणती गाडी कोणत्या मार्गानं कधी सुटायची, हे वेळापत्रक त्यानं कॉम्प्युटरला शिकवलं. नव्या गाड्या शहाण्यासारख्या धावल्या. मी मात्र चढावर रेंगाळले. मागून जलद गाडी आली आणि टक्कर नको म्हणून कॉम्प्युटरनं सगळंच थांबवलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

शेवटी भाच्यानं मला उचललं. हिला काचेच्या कपाटात छान मांडून ठेवू, असं तो समजुतीनं म्हणाला. माझा नुसता जळफळाट झाला.

खुर्चीत बसलेली मावशी एकेक शब्द ओढत म्हणाली, “तिला खाली ठेव. रुळावर.”

“मावशी, हिच्यामुळे सगळं वेळापत्रक कोलमडतंय.”

“मग दुसरं कर. मलाही आता वेळ लागतो. मलाही कपाटात ठेवणार का?”

भाच्यानं मला अलगद रुळावर ठेवलं.

मग त्यानं मला एकटीला चढावर पुन्हा पुन्हा चालवून माझा वेग मोजला. मावशी डाव्या हातानं खुणा करून मार्ग सुचवायची. दोघांची बऱ्याचदा जुंपली, पण अखेर ठरलं. मी चढ पार करेपर्यंत जलद गाडीनं स्टेशनच्या बाजूच्या रुळावर उभं राहायचं. मावशीनं स्वतः बटण दाबलं. मी चढले; धापा टाकत, पण कोणाच्या हाताचा टेकू न घेता.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कोणी असेल. जुनं झालं म्हणून त्याला शोभेला बसवू नका. धूळ झटका, तेल द्या, आणि त्याच्या चालीला लागेल तेवढा वेळ वेळापत्रकात ठेवा. आमच्याकडे जलद गाडी आजही रोज खोळंबते. खोळंबू दे. मी चढावर आहे.