शुक्रवारचा वाडगा

"हा ओरडला तर का ओरडला ते नंतर शोध. आधी खिडक्या उघड, पोरीला घे आणि बाहेर पड," नवऱ्याने, लखदरने बजावलं होतं. वसीलाने ते हसण्यावारी नेलं होतं. "तुझ्या वाळवंटातल्या विहिरींवर चालव हुकूम. हे माझं घर आहे."

तेलविहिरींवरून तो सुट्टीला गावी, सेतिफला आला, तेव्हा कामावर छातीला अडकवायचा गॅस डिटेक्टर चुकून बॅगेतून घरी आला होता. एवढीशी पिवळी डबी. आणि आता, शुक्रवारी भरदुपारी, लखदर नमाजाला गेलेला, तान्ही रीम रडून रडून जेमतेम झोपलेली, तर न्हाणीघराच्या फळीवरून ती डबी बोंबलायला लागली.

"या अल्लाह, आत्ताच?"

फरशीला ब्लीच टाकलंय, म्हणून कोकलत असेल. तिने बटण दाबलं, दाबून धरलं. डबी ढिम्म. मग टॉवेलात गुंडाळून कपडे धुण्याच्या यंत्रात कोंबली. तिथूनही तेच. रीम जागी झाली आणि दोघींनी एकच सूर लावला.

"ओरड, तूही ओरड! तुझ्या बापाने आणलीय ना!"

वैतागून तिने डबी बैठकीत आणली. तिच्यावरचा आकडा उतरला, डबी गप्प. न्हाणीघरात नेली, पुन्हा बोंब. गिझर बंद, चूल बंद. ब्लीचची बाटली नाकाशी धरावी तशी डबीशी धरली, तर आकडा हलेना. छताजवळच्या झरोक्याकडे डबी नेली मात्र, आकडा भराभर चढला. त्या झरोक्यामागून सगळ्या मजल्यांचं धुराडं वर जातं.

दर शुक्रवारी खालच्या मजल्यावरून मसऊदाखालाचा रव्याच्या कुसकुसचा वाडगा नमाजाच्या आधी वर यायचा. आज आला नव्हता. म्हातारी नेमकी आजच विसरली म्हणून वसीला मघापासून धुसफुसत होती. आता तिने डबी कमरेला खोचली.

खिडक्या सताड उघडून, रीमला शालीत गुंडाळून ती जिना उतरली. शुक्रवारी खालाचं दार आल्यागेल्यासाठी नुसतं लोटलेलं असे. ते ढकलताच डबी किंचाळली. समोरची हूरिया बाहेर आली.

"पोरीला धर, आणि तू आत येऊ नकोस!"

खाला चुलीपाशी आडवी झाली होती. श्वास रोखून वसीलाने खिडकी उघडली आणि काखेत हात घालून तिला जिन्यात ओढत आणलं. बाहेर बर्फ पडत होता. बऱ्याच वेळाने खालाचे डोळे किलकिले झाले.

"बूट घालून आलीस? माझ्या गालिच्यावर?"

"मेला तुझा गालिचा!" वसीला रडत ओरडली.

दवाखान्यातून खाला परत आली, तेव्हा लखदरने तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतली जाळी दाखवली. तिच्यात लोकरीचा जुना रुमाल ठासलेला होता. "हवाच आत आली नाही, तर गॅसच्या गिझरचा जाळ गुदमरतो, खाला. मग विष सोडतो."

"आणि मी गारठून मेले तर? तुझी डबी येणार आहे पांघरूण घालायला?"

पुढच्या शुक्रवारी जाळीत पुन्हा रुमाल. वसीलाने तो काढून नेला, तर त्याच्या जागी मोजा आला. वसीला भांडली तेव्हा खाला शांतपणे म्हणाली, "मुलगा मार्सेलहून फोन करतो. ऊबेत आहेस ना आई, विचारतो. त्याला काय खोटं सांगू?"

 वसीलाने तरीही मोजा उपसला.

लखदर परत वाळवंटात गेला, डबी त्याच्याबरोबर गेली. आता ओरडायला वसीलाच उरली आहे. आणि तिला आईच्या आजारपणामुळे माहेरी बातनाला जावं लागतंय. हूरियाला सांगून झालं, कोपऱ्यावरच्या पाववाल्याला सांगून झालं. आता ती तुम्हालाच सांगते आहे: त्या बाजूला गेलात तर खालाकडे डोकावा. तिचा वाडगा हूरियाकडे ठेवलाय, तो मागून घ्या आणि त्यात चार खजूर घालून न्या, रिकामा ती घेत नाही. बूट काढा म्हणेल, काढा. आणि बसायच्या आधी भिंतीतली ती जाळी बघा.